विश्लेषण : ‘फोक्सवॅगन’, ‘श्कोडा’, ‘पोका योके’... चाकणच्या नावांचा उच्चार ठरवतो कोण?

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी मागे टाकून चाकणकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये एकाच कारखान्याची तीन नावे सहज कानावर पडतात. कोणी ‘वोक्सवॅगन’ म्हणतो, कोणी ‘फोक्सवॅगन’, तर जर्मनीत प्रशिक्षण घेऊन आलेला एखादा अभियंता ‘फोल्क्सवागन’. बहुतेक कामगार या वादात न पडता ‘व्हीडब्ल्यू’ म्हणून मोकळे होतात. ऐकायला हा गमतीचा विषय वाटतो. पण दुकानांच्या मराठी पाट्यांचा कायदा, नाममुद्रेचे खटले, आवाजावर चालणारी यंत्रे आणि आयटीआयमधून निघालेल्या मुलांच्या मुलाखती या चारही ठिकाणी उच्चाराला आता किंमत आली आहे. पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकणच्या पट्ट्यात जर्मन, झेक, जपानी, कोरियन, स्वीडिश नावांची जेवढी गर्दी आहे तेवढी राज्यात क्वचितच कुठे असेल. त्यामुळे हा प्रश्न इथे सर्वांत आधी उभा राहिला.

प्रश्न आताच का?

कंपनीचे नाव रोमन लिपीत असते तोवर उच्चार ठरवायची गरज नसते. ज्याला जसे वाचता येईल तसे त्याने वाचावे. नाव देवनागरीत लिहायची वेळ आली की ही पळवाट बंद होते, कारण देवनागरी उच्चाराला बांधलेली लिपी आहे. ‘वो’ लिहा किंवा ‘फो’ लिहा, काही तरी एक लिहावेच लागते.

ही वेळ कायद्याने आणली. दुकाने व आस्थापना कायद्यात राज्याने २०२२ मध्ये दुरुस्ती केली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी अटही त्यात आहे. व्यापारी संघटनेने याला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मोटारींच्या दालनांपासून बेअरिंगच्या दुकानांपर्यंत सगळ्यांना आपल्या परदेशी नावाचे मराठी रूप ठरवणे त्यामुळे भाग पडले. कायदा लिपी सांगतो, अक्षरांचा आकार सांगतो. उच्चाराविषयी तो काही बोलत नाही. ते काम पाटी रंगवणाऱ्यावर, जाहिरात संस्थेवर किंवा वृत्तपत्राच्या उपसंपादकावर येऊन पडते.

दरम्यान नवी नावेही येत राहिली. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना विकत घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला आणि २०२५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. स्कोडाने आपल्या छोट्या एसयूव्हीसाठी लोकांकडून नावे मागवून २०२४ मध्ये ‘कायलाक’ हे नाव जाहीर केले. कंपनीच्या सांगण्यानुसार हे नाव स्फटिक या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून घेतले आहे. त्याआधी २०२१ मध्ये आलेली ‘कुशाक’ही अशीच, राजा या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून. या कंपनीच्या अनेक एसयूव्हींची नावे ‘के’ने सुरू होतात आणि ‘क्यू’ने संपतात. मूळ शब्द संस्कृत, तो रोमनमध्ये गेला, शेपटाला ‘क्यू’ लावून घेतला आणि चाकणमध्ये बनलेल्या गाडीवर बसून पुन्हा मराठी वाचकासमोर आला. आता तो ‘कुशाक’ लिहायचा, ‘कुशॅक’ की मुळातला ‘कुषक’? मराठी वृत्तपत्रांत पहिली दोन्ही रूपे दिसतात. तिसरे, म्हणजे जिथून प्रवास सुरू झाला ते, कुणीच लिहीत नाही.

‘बेंझ’मध्ये ‘चिंच’ कशी आली?

जर्मन भाषेत ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार बहुधा ‘फ’ होतो आणि ‘डब्ल्यू’चा ‘व्ह’. ‘फोल्क’ म्हणजे लोक, ‘वागन’ म्हणजे गाडी; लोकांची गाडी असा सरळ अर्थ. चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला तेव्हापासून मराठीत ‘फोक्सवॅगन’ हे रूप रुळले. नीट पाहिले तर ते अर्धे जर्मन आणि अर्धे इंग्रजी आहे. सुरुवातीचा ‘फ’ जर्मनीहून आला, मधला ‘ल’ वाटेत गळाला आणि ‘वॅगन’ रेल्वेच्या मालडब्याकडून आली. त्यातही हा ‘फ’ फळातला की फोनमधला, हे मराठी लिपी सांगत नाही. फोनमधला, असे उत्तर आहे. पण ‘फळ’ म्हणताना दोन्ही ओठ मिटणारी तोंडे ‘फोक्सवॅगन’लाही तसेच मिटतात, आणि त्यामुळे कुणाची गाडी अडत नाही.

स्कोडाचे तसेच. झेक लिपीत या नावातल्या पहिल्या अक्षरावर एक लहानशी उलटी टोपी असते. ती टोपी असली की ‘स’चा ‘श’ होतो, म्हणून उच्चार ‘श्कोडा’. एमिल श्कोडा या उद्योजकाचे हे आडनाव. झेक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘नुकसान’ असाही होतो, पण त्यामुळे त्या देशात गाड्या खपायच्या राहिल्या नाहीत. रोमन टंकलेखनात ती टोपी पडली आणि जगभर ‘स्कोडा’ झाले. देवनागरीत ‘श्को’ लिहायला काहीही अडचण नव्हती. आपण लिहिले नाही, कारण नाव आपल्याकडे प्रागहून थेट न येता इंग्रजीतून आले.

सर्वांत मजेशीर उदाहरण मर्सिडीज-बेंझचे आहे. ही कंपनी भारतात १९९४ मध्ये आली, सुरुवातीला पिंपरीत टाटांच्या आवारात तिची जुळणी होत असे आणि २००९ मध्ये ती चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. आपण ‘बेंझ’ म्हणतो, शेवटी ‘झ’. जर्मन माणूस असे म्हणत नाही. जर्मनमध्ये ‘झेड’ या अक्षराचा उच्चार ‘त्स’ असतो, म्हणून ‘बेन्त्स’. हा ‘त्स’ इंग्रजांना आणि हिंदीभाषकांना शब्दात कसाबसा जमवावा लागतो. मराठी माणसाला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. ‘चिंच’ हा शब्द उच्चारून पाहा. पहिला ‘च’ टाळूला जीभ लावून येतो, दुसरा दातांमागून. तो दुसरा ‘च’ म्हणजेच ‘बेन्त्स’चा शेवट. चिंचवडच्या नावात हे दोन्ही ‘च’ शेजारी शेजारी राहतात. कार्ल बेंझचे आडनाव जर्मनांसारखे उच्चारायचे असेल तर चिंचवडकराला शिकवणी लावायची गरज नाही. त्याला फक्त इंग्रजी विसरावे लागेल.

अडचण आहे ती लिहिण्याची. ‘चाक’मधला आणि ‘चार’मधला ‘च’ वेगळा, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचे भांडे यांतला ‘ज’ वेगळा, पण मराठी लिपीत दोघांना एकच अक्षर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द टाळूवरून उच्चारायचे, घरचे बरेचसे शब्द दातांमागून, पुढे इ, ए किंवा य आला की बहुधा पुन्हा टाळूवरून, हे सारे मराठी मूल न शिकता शिकते. म्हणून लेखनात खूण करण्याची गरज कधी भासली नाही. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात इंग्रजी शब्दांसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली. दोन ‘च’ मात्र एकाच चुलीवर राहिले. त्यामुळे जर्मन उच्चार मराठीच्या तोंडात तयार असूनही कागदावर ‘त्स’ अशी कसरत करावी लागते. ‘मर्सिडीज’चे जर्मन रूप ‘मेर्त्सेडेस’ आहे, हे ऐकून आपल्याला ते नाव परके वाटते ते त्यामुळेच.

जपानी शब्द मराठीत का सोपे गेले?

गाड्यांची नावे पाटीवर असतात. कारखान्याच्या आतली भाषा बव्हंशी जपानी आहे. कायझेन, कानबान, गेंबा, पोका योके, पाच ‘एस’. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या भोसरी-तळवड्याच्या लघुउद्योगातही हे शब्द भिंतीवर लावलेले असतात, कारण मोठ्या कंपनीचा तपासणीस येतो तेव्हा ते विचारतो.

यांतल्या एका शब्दावर इंग्रजी जगात बरीच शाई खर्च झाली आहे. ‘गेन्बा’ की ‘गेम्बा’? काम प्रत्यक्ष जिथे होते ती जागा, असा त्याचा अर्थ. मासाआकी इमाई यांच्या १९९७ च्या पुस्तकाच्या नावात ‘एम’ आहे. जपानी भाषेचे अभ्यासक ‘एन’ लिहितात. देवनागरीत हा वाद उभाच राहत नाही. ‘गेंबा’ लिहिले की अनुस्वार पुढच्या ‘ब’ला पाहून आपोआप ‘म्’ होतो, जसा ‘अंबा’ किंवा ‘मुंबई’त होतो. जपानी लिपीतले ते अक्षर अगदी आपल्या अनुस्वारासारखेच वागते: पुढे ‘ब’ असेल तर ‘म्’, ‘त’ असेल तर ‘न्’. रोमन लिपीला जे एका अक्षरात दाखवता येत नाही, ते आपल्या एका टिंबाने होते. याच न्यायाने ‘कानबान’पेक्षा ‘कांबान’ अधिक बरोबर. पण इंग्रजीतून येणारा पर्यवेक्षक त्याला ‘कॅनबॅन’ करतो आणि कामगारही मग तेच म्हणतात. ‘कानबान’चा जपानी भाषेतला साधा अर्थ ‘दुकानाची पाटी’ असा आहे, हे पाट्यांच्या वादात सांगून ठेवायला हरकत नाही.

‘पोका योके’ची कथा वेगळी आहे. कामगाराकडून चूक होऊच नये अशी रचना, उदाहरणार्थ उलटा बसणारच नाही असा सुटा भाग. शिगेओ शिंगो या अभियंत्याने आधी याला ‘बाका योके’ म्हटले होते. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. एका कामगार स्त्रीला हा शब्द लागला, आपल्याला मूर्ख म्हटले जाते आहे असे तिला वाटले, म्हणून १९६० च्या दशकात ‘बाका’चे ‘पोका’ झाले, म्हणजे नजरचूक. एक अक्षर बदलले आणि दोष माणसाकडून चुकीकडे गेला. आपल्याकडे रोमन अक्षरे वाचून ‘पोकायोक’ म्हणणारे बरेच आढळतात. इंग्रजीत बैलाच्या जुवाला ‘योक’ म्हणतात, त्याची ही सावली.

मोजमापाच्या साधनांत तर प्रत्येक कपाटात एक चुकीचा उच्चार आहे. ‘मिटुटोयो’चे व्हर्नियर ज्याने वापरले नाही असा टूलरूममधला माणूस मिळणे कठीण. ही जपानी कंपनी स्वतःला ‘मित्सुतोयो’ म्हणते. जपानच्या एका जुन्या रोमन लेखनपद्धतीत ‘त्सु’ हा ध्वनी ‘टी-यू’ असा लिहितात, नाव त्या पद्धतीने लिहिले गेले आणि जगाने ते अक्षरशः वाचले. ‘व्हर्नियर’ हेही पिएर वेर्निए या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाचे नाव. सीएनसी यंत्राच्या पडद्यावरच्या ‘फॅनक’ला काही जण ‘फानुक’ म्हणतात. ‘फुजी ऑटोमॅटिक न्यूमरिकल कंट्रोल’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून ते नाव बनले, हे कळले तर ‘नु’चा आग्रहही अगदीच चुकीचा वाटत नाही, जपानी लोक मात्र ‘फानाक्कु’ म्हणतात. आणि ज्या जर्मन ‘ट्राउब’ यंत्रांवर पुण्याच्या लघुउद्योगाने स्क्रू आणि बुश काढले, ते यंत्र आपल्याकडे ‘ट्रॉब’ म्हणून जगले.

याआधी असे झाले नव्हते का?

झाले होते, आणि बहुतेक वेळा मराठीने कुणाला विचारले नव्हते. ‘लेथ’ हा शब्द अभियांत्रिकीच्या प्रत्येक प्राध्यापकाने ‘थ’ने उच्चारला, इंग्रजी शब्दकोश तिथे ‘द’च्या जवळचा ध्वनी देतात. ‘चेसिस’चे मूळ फ्रेंच, इंग्रजीत ‘शॅसी’, पण टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यातून निघालेला उघडा सांगाडा चालवत नेणारा चालक ‘चेसिस’च म्हणतो आणि आरटीओतही तसेच चालते. तिथे कुणी ‘शॅसी क्रमांक’ विचारला तर समोरचा कारकून दोन क्षण थबकेल. टेल्कोचे २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले, पण पिंपरीतल्या जुन्या माणसांसाठी टेल्को संपलेली नाही.

‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला, ‘पगार’ आणि ‘चावी’ही त्याच बोटीतून उतरले. जर्मन कारखान्यात कुशल कारागिराला ‘माइस्टर’ म्हणतात. दोन्हींचे मूळ लॅटिनमध्ये एकच आहे. चाकणमध्ये माइस्टर आणि मेस्त्री एकाच यंत्राशेजारी उभे राहतात, पण हे नाते दोघांनाही ठाऊक नसते.

या सगळ्यांत एक उदाहरण उलट दिशेचे आहे. बारामतीला बनणाऱ्या पियाजिओच्या तीनचाकीला गावोगाव ‘आपे’ म्हणतात. रोमन लिपीत ते नाव इंग्रजी डोळ्यांनी वाचले तर ‘एप’, म्हणजे माकडाचा भाऊबंद. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी; ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी, तिची ही बहीण. शाळेत इंग्रजीत नापास झालेला शेतकरी या गाडीचे नाव मिलानमधल्या माणसासारखे उच्चारतो आणि इंग्रजी माध्यमातला मुलगा चुकतो. व्हेस्पाचा परवाना संपल्यावर आकुर्डीच्या बजाजने १९७२ मध्ये स्वतःची स्कूटर काढली तेव्हा नाव ठेवले ‘चेतक’. निदान देशात तरी उच्चाराची कटकटच नको.

न्यायालयाच्या कानाला काय ऐकू येते?

नाव कसे दिसते यापेक्षा ते कसे ऐकू येते, याला भारतीय नाममुद्रा कायद्यात फार जुने वजन आहे. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितले की सामान्य ग्राहक नावाची फोड करून व्युत्पत्ती पाहत बसत नाही. त्याच्या अर्धवट आठवणीत एकूण ध्वनी राहतो. पुढे २००१ च्या कॅडिला प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. ज्या देशात एकच सामाईक भाषा नाही आणि इंग्रजी थोड्यांनाच येते, तिथे इंग्लंडमधल्या कसोट्या जशाच्या तशा लावता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. याचा सरळ अर्थ असा, की ‘बरोबर’ उच्चार काय आहे याला खटल्यात दुय्यम महत्त्व. बाजारात माणसे काय बोलतात हे महत्त्वाचे.

चाकणने याचा अनुभव नुकताच घेतला. महिंद्राची चाकणमध्ये बनणारी विजेवरची ‘बीई ६ई’ ही मोटार नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. ‘सिक्स ई’ ही इंडिगो विमान कंपनीची ओळख. इंडिगोच्या मूळ कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. मोटार आणि विमान यांत गोंधळ होणार नाही, असे महिंद्राचे म्हणणे होते. तरी काही दिवसांतच कंपनीने गाडीचे नाव ‘बीई ६’ केले आणि हक्काची लढाई चालू ठेवली. एक ‘ई’ गळाला.

याच कंपनीने २०११ मध्ये काढलेल्या ‘एक्सयूव्ही ५ओओ’चे किस्से अजून सांगितले जातात. नावात शून्ये नाहीत, ‘ओ’ ही अक्षरे आहेत आणि उच्चार ‘फाइव्ह डबल ओ’ असा करावा, असे कंपनी सांगत राहिली. लोकांनी ती ‘पाचशे’ म्हणूनच घेतली. टाटा मोटर्सने तर २०१५ मध्ये जाहीर झालेले ‘झिका’ हे नाव गाडी बाजारात येण्याआधीच बदलून ‘टियागो’ केले. ‘झिपी कार’ या शब्दांवरून केलेल्या त्या नावाचे स्पेलिंग विषाणूच्या नावाहून वेगळे होते, पण कानाला दोन्ही एकच.

मग नुकसान कोणाचे?

कंपन्यांना वकील परवडतात. उच्चाराचा खरा भुर्दंड पडतो तो मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडे बसलेल्या मुलाला. मोरवाडीच्या आयटीआयमधून किंवा बीड-लातूरच्या एखाद्या तंत्रनिकेतनातून आलेला मुलगा व्हर्नियरचे लघुतम माप बिनचूक सांगतो, पण ‘सीमेन्स’, ‘श्नायडर’, ‘ड्युअल क्लच’ उच्चारताना अडखळतो आणि टेबलापलीकडचा माणूस हसतो. विचारण्यासारखी गोष्ट अशी, की तो हसणारा स्वतः बरोबर उच्चारतो का? ‘सीमेन्स’ही जर्मनमध्ये ‘झीमेन्स’ आहे. म्हणजे एक इंग्रजी वळणाची चूक दुसऱ्या मराठी वळणाच्या चुकीला हसत असते. ज्ञान तपासायचे सोडून शाळा तपासली जाते, आणि तीही फक्त कानाने.

हिंजवडीत हेच वेगळ्या वेषात दिसते. विदासाठ्याला प्रश्न विचारण्याच्या भाषेला काही जण ‘एसक्यूएल’ म्हणतात, काही जण ‘सीक्वेल’. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये ती जन्मली तेव्हा तिचे नाव खरोखर ‘सीक्वेल’ होते. ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीच्या मालकीचे निघाल्याने अक्षरे कमी करावी लागली. तेव्हा दोन्ही बाजू खऱ्या आहेत. आणि ज्या गावात हा वाद चालतो त्या हिंजवडीला बाहेरून आलेले अर्धे लोक ‘हिंजेवाडी’ म्हणतात, ते कोणत्या मुलाखतीत तपासतात?

मात्र ‘समजले की झाले’ असे म्हणून सोडून देता येईल, अशीही परिस्थिती नाही. कारखान्यात काही उच्चार चुकणे महाग पडते. फोनवर माप सांगताना ‘एट’ आणि ‘एटी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक यंत्राच्या आवाजात बुडतो. छिद्राची सैलता मोठ्या ‘एच’ने दाखवतात आणि दांड्याची लहान ‘एच’ने, कागदावर हे स्पष्ट दिसते, तोंडी दोन्ही ‘एच’च. म्हणून अनुभवी पर्यवेक्षक ‘कॅपिटल’ आणि ‘स्मॉल’ हे शब्द गाळत नाही. ‘झेड’ला ‘जेड’ म्हणणारा उत्तरेतला कामगार आणि त्याच्याकडून ‘जे’ ऐकणारा मराठी भांडारपाल, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि सुटा भाग चुकीचा येतो. वैमानिकांनी यावर ‘अल्फा, ब्राव्हो’ अशी ठरीव यादी १९५६ मध्येच केली. आपल्याकडे ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ चालते. शहराचे नाव बदलून तीन दशके झाली तरी फोनवर बॉम्बे टिकून आहे, कारण ‘एम’ आणि ‘एन’ची भानगड कुणाला नको आहे.

यात आता ऐकणारे यंत्र आले आहे. चाकणमध्ये बनणाऱ्या नव्या गाड्या तोंडी हुकूम घेतात, रस्ता बोलून दाखवतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांसाठीचा उपक्रम सुरू केला, त्यात मराठी बोली आवाजाचे लिखाण आणि लिखाणाचा आवाज करण्याचे काम आहे. इथे दोन ‘च’ पुन्हा भेटतात. लिपीत खूण नसल्याने यंत्राला प्रत्येक शब्दाचा उच्चार वेगळा शिकवावा लागतो, नाही तर ‘चिंचवड’मधले दोन्ही ‘च’ टाळूवरूनच येतात, आणि जन्मभर तिथे राहिलेल्या माणसाला स्वतःच्या गावाचे नाव परक्यासारखे ऐकू येते. बोलणाऱ्या यंत्राचे निदान हसू येते. ऐकणारे यंत्र तुमचा उच्चार ओळखत नाही तेव्हा चूक तुमचीच ठरते आणि तुम्हाला पुन्हा, इंग्रजी वळणाने, तेच बोलायला लावते.

मालकाचे ऐकायचे की वापरणाऱ्याचे?

नाव ठेवणाऱ्याला शेवटचा शब्द मिळतो, असे अनुभव सांगत नाही. ‘जीआयएफ’ हा चित्रांचा प्रकार १९८७ मध्ये तयार करणाऱ्या स्टीव्ह विल्हाइट यांनी २०१३ मध्ये पुरस्कार स्वीकारताना उच्चार ‘जिफ’ आहे असे जाहीर सांगितले. त्यानंतरही ‘गिफ’वाले हटले नाहीत. विल्हाइट २०२२ मध्ये गेले, वाद आहे तिथेच आहे.

ह्युंदाईने दोन देशांत दोन मार्ग घेतले. कोरियन उच्चार ‘ह्यॉन्दे’च्या जवळचा आहे, अर्थ ‘आधुनिक’. अमेरिकेत कंपनीने ‘संडे’शी यमक जुळवून तो शिकवला आणि २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये खास जाहिरात मोहीम काढून ‘हायुनडाय’ म्हणणाऱ्यांना दुरुस्त केले. भारतात असा हट्ट दिसत नाही. तळेगावच्या माणसाने ‘हुंडाई’ म्हटले तरी गाडी विकली जाते, आणि जिथे विकली जाते तिथे कंपनीला शुद्धलेखनाची घाई नसते.

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर पाटीवरचा आणि बोलण्यातला उच्चार वेगळा धरावा. बोलताना मराठी वळण घेतलेले नाव घेण्यात कमीपणा नाही. ‘चेसिस’ आणि ‘लेथ’ने कुणाचे उत्पादन घटले नाही. लिहिताना मात्र इंग्रजीच्या खिडकीतूनच डोकावायची सवय सोडता येईल. ‘श्कोडा’ लिहायला देवनागरीत जोडाक्षर आहे, ‘गेंबा’ला अनुस्वार आहे, ‘आपे’ला तर काहीच लागत नाही. वृत्तपत्रे आधी करतील तर पाट्याही बदलतील, कारण पाटी रंगवणारा बहुधा वृत्तपत्रातच स्पेलिंग शोधतो. हुस्कवार्ना या स्वीडिश गावाच्या नावाच्या मोटारसायकली २०२० पासून चाकणमध्ये बजाज बनवते. त्या नावाचे मराठी रूप अजून पक्के झालेले नाही, तेव्हा सुरुवात तिथून करायला वाव आहे.

उलट बाजूने अडचण वोल्फ्सबुर्ग आणि स्टुटगार्टलाही आहे. जर्मन लेखनात ‘च’ लिहायला रोमनची चार अक्षरे लागतात. ‘सी-एच’ने सुरू होणारे आपले इंग्रजी स्पेलिंग तिथे वाचले की सुरुवातीलाच ‘क’ किंवा ‘ख’ निघतो. त्यापुढे तोंड सावरले तरी शेवटचा ‘ण’ त्यांच्या भाषेत नाही, इंग्रजीतही नाही. तिकडून येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या दिवशी ‘चाकन’ म्हणतो, आणि त्याला दुरुस्त करायला कुणी जात नाही.